मुरलेली वाईन आणि नुसती जुनी झालेली वाईन

पहिल्यांदा तीस वर्षांची वाईन समोर आली तेव्हा ती बिघडली आहे, अशीच माझी खात्री झाली होती. रंग लाल कसला, विटकरी. पेल्याच्या कडेला तर पातळ चहासारखा. फळाचा वास नाहीच. ओला पालापाचोळा, जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसला वास आणि मागे कुठेतरी वाळलेलं अंजीर. घोट घेतला तर अंगात जोर नाही. शेजारचे जाणकार गृहस्थ मात्र पेला नाकाशी धरून गप्प बसले होते. हे नाटक चाललंय की काय, असं मनात येऊन गेलं. पुढे कळलं, की मी त्या वाईनमध्ये जे हुडकत होतो ते केव्हाच निघून गेलं होतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं त्याची ओळखच मला नव्हती. ती ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे बहुतेक वाईनच्या बाबतीत खोटं आहे. जगात तयार होणारी बरीचशी वाईन वर्षा-दोन वर्षांत, फार तर पाचेक वर्षांत पिऊन संपवायची असते. ती पंधरा वर्षं ठेवली तर मुरत नाही, नुसती जुनी होते. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत हे फार बरं आहे.

आणि जी मुरते तिलाही अंत असतोच. रोमन लोकांना इ.स.पूर्व १२१ सालच्या वाईनचं भारी कौतुक होतं. त्या वर्षी ओपिमियस नावाचा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, सत्तेवर होता, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं, की ती अजून शिल्लक आहे, पण मधासारखी दाट आणि कडवट झाली आहे. नुसती पिता येत नाही, दुसऱ्या वाईनला चव यावी म्हणून त्यात थोडी घालतात. एवढ्या कीर्तीची वाईन, शेवटी मसाल्याच्या डब्यात जाऊन बसली म्हणायची.

मग मुरते म्हणजे नेमकं होतं काय? लाल वाईनमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ती द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात. सालींतून रंग उतरतो, आणि साली, बिया, देठ यांतून टॅनिन उतरतात. टॅनिन म्हणजे तुरटपणा. फार वेळ उकळलेला कोरा चहा किंवा कच्चं केळं तोंडात घेतल्यावर जीभ आणि हिरड्या आवळून येतात, ते काम टॅनिनचं. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटायला लागतं. या जाणिवेला चव म्हणावं की स्पर्श, यावर इंग्रजीत लिहिणारे बराच खल करतात. आपल्याकडे तुरट हा सहा रसांपैकी एक, त्यामुळे निदान शब्दासाठी तरी अडायला होत नाही.

कोवळ्या वाईनमध्ये हे टॅनिन अंगावर येतात. बाटलीत वर्षं सरत जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. जोडता जोडता त्यातले काही इतके मोठे होतात की वाईनमध्ये विरघळून राहू शकत नाहीत, तळाशी बसतात. जुन्या बाटलीत जो काळपट साका दिसतो तो हाच: एके काळचा रंग आणि एके काळचा तुरटपणा. म्हणून जुनी लाल वाईन दिसायला फिकट आणि तोंडात मऊ असते. पांढऱ्या वाईनचं उलटं होतं. ती पाण्यासारख्या फिकट पिवळ्यापासून सोनेरी आणि मग मधाळ होत गडद होत जाते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायची सवय लावून घ्या. लाल वाईनची कड जांभळट असेल तर ती कोवळी. विटकरीकडे, नारिंगीकडे झुकली असेल तर बरीच वर्षं काढलेली.

या सगळ्याला थोडी हवा लागते. फार थोडी. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात वाईनवर प्रयोग केले तेव्हा ऑक्सिजनचं हे दुहेरी काम त्यांच्या लक्षात आलं होतं: वाईन घडवतोही तोच, बिघडवतोही तोच. बूच बसवताना आत अडकलेली हवा आणि पुढे बुचातून झिरपणारा किंचित ऑक्सिजन, एवढ्या शिदोरीवर वाईन पन्नास वर्षंसुद्धा काढते. मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली, नेहमीच्या पाऊण लिटरच्या बाटलीपेक्षा सावकाश मुरते ती यामुळेच. वाईन दुप्पट, पण बूच आणि त्याखालची हवा जवळपास तेवढीच.

आता वास. वाईनची चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा भाग खरं तर वासच असतो, आणि काळाची खरी करामत तिथेच दिसते. जाणकार वासाचे तीन थर मानतात. पहिला द्राक्षाचा स्वतःचा: फळं, फुलं, पाला. दुसरा बनवण्यातून आलेला: यीस्टचा पावासारखा वास, ओकच्या पिंपातून उतरलेला व्हॅनिला किंवा लवंग. तिसरा वयाचा. पहिल्या थरातलं ताजं फळ हळूहळू वाळतं, चेरीची मनुका होते. आंबवताना तयार झालेले केळ्यासारखे गोड वास तर वर्षा-दोन वर्षांतच उडून जातात. रिकाम्या झालेल्या जागेत मग चामडं येतं, तंबाखूची पानं, अळंबी, पावसानंतरची माती. पांढऱ्या वाईनमध्ये मध, मेण, अक्रोड.

यातले काही वास ऐकायला चमत्कारिक वाटतात. रिस्लिंग नावाच्या द्राक्षाची जुनी वाईन चक्क पेट्रोलसारखी किंवा रॉकेलसारखी वास मारते. भेसळ झालेली नसते. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडसारख्या द्रव्यांचं वर्षानुवर्षं विघटन होऊन टीडीएन या आखूड नावाने ओळखलं जाणारं एक संयुग तयार होतं, त्याचा तो वास. दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. मेथीदाण्याला त्याचा खास वास देणारं सोटोलोन हे संयुग सोटर्न या फ्रेंच गोड वाईनच्या जुन्या बाटल्यांत, मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या वाईनमध्ये आणि फ्रान्सच्या जुरा भागातल्या ‘व्हँ जोन’ या वाईनमध्ये सापडतं. ही व्हँ जोन सहा वर्षांहून अधिक काळ पिंपात, यीस्टच्या सायीखाली ठेवतात. तिचा वास घेऊन ‘मेथी’ म्हणणारा माणूस अडाणी ठरत नाही, रसायनशास्त्र त्याच्या बाजूने असतं.

वासांना नावं देण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात एक चक्र तयार केलं, ते आजही जगभर वापरतात. माझं मत विचाराल तर ही नावं म्हणजे खुंट्या. आठवण टांगून ठेवायला उपयोगी, पण सतरा खुंट्या मोजून दाखवणाऱ्याला वाईन जास्त कळली असं नाही.

कोणती वाईन मुरते? जिच्यात आंबटपणा, टॅनिन, साखर किंवा अल्कोहोल यांपैकी निदान एक-दोन गोष्टी भरपूर असतात ती. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या काबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षाच्या वाईनला टॅनिन सांभाळतं. इटलीच्या बारोलोला टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही. तिथे तर कायद्यानेच ३८ महिने थांबावं लागतं, त्यातले १८ लाकडात. स्पेनच्या रिओहा भागातली ग्रान रेसेर्वा, म्हणजे सर्वांत जास्त मुरवलेली प्रतवारी, ६० महिन्यांनी बाहेर पडते. सोटर्न बुरशी धरलेल्या द्राक्षांपासून करतात. बुरशीमुळे फळातलं पाणी उडून साखर आटते, आणि तीच साखर पुढे वाईनला जपते. पोर्तुगालच्या पोर्ट वाईनमध्ये आंबण्याच्या मध्यातच द्राक्षाची कडक दारू ओततात, त्यामुळे साखरही उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. मदेराला तर मुद्दाम उष्णता देतात. जे सोसून इतर वाईन मरतात ते तिने आधीच सोसलेलं असतं, म्हणून ती शंभर वर्षांनीही पिण्यासारखी निघते.

पण नुसत्या टॅनिनने भागत नाही. खाली फळाचा भरणा नसेल तर टॅनिन निवळेपर्यंत फळच संपतं, आणि हाती उरतो कोरडा सांगाडा. कोणत्या वाईनमध्ये हा भरणा आहे, हे आधी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये ब्रिटिश व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी बाटल्या झाकून चाचणी घेतली. नऊ फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनी लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली आणि गहजब झाला. तेव्हा एक युक्तिवाद असा होता, की अमेरिकन वाईन आत्ता गोंडस वाटतात, तीस वर्षांनी बघा, बोर्दोच उरेल. म्हणून २००६ साली त्याच लाल वाईन लंडन आणि कॅलिफोर्नियातलं नापा इथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. सगळ्यांत वर होती १९७१ची रिज मॉंटे बेलो, जी मूळ चाचणीत पाचवी आली होती.

साठवणीबद्दल थोडक्यात: अंधार, १२-१३ अंश तापमान, बेताची दमट हवा आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. तापमान एखाद-दोन अंश जास्त असलेलं चालेल, रोज वर-खाली होणारं चालत नाही. विकत घेताना वाईनची पातळी बघायची. वर्षानुवर्षं बुचातून थोडी वाईन उडते. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत ती मानेपासून खांद्याच्या सुरुवातीपर्यंत उतरलेली असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यावर गेली असेल तर आत बरीच हवा शिरली आहे, असं समजायचं.

उघडणं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घोळ तिथे होतात. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची, म्हणजे साका तळाशी जाऊन बसतो. मानेवरचं आवरण पूर्ण सोलायचं. खाली काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. जुनं बूच भिजून मऊ झालेलं असतं. नेहमीचा स्क्रू त्यात घुसतो, तुम्ही ओढता, आणि हातात अर्धंच बूच येतं. उरलेलं खाली ढकलावं तर भुगा वाईनमध्ये. हे मी दोनदा केलं आहे, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांसमोर. त्यासाठी दोन पात्यांचं एक साधन मिळतं. पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने डुलवत खाली सरकवायची आणि मग पिळत पिळत वर ओढायचं. बूच अख्खं निघतं. घाई केली तर तेही आत पडतं.

मग वाईन दुसऱ्या भांड्यात निवळून घ्यायची. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरायचा आणि एका संथ धारेने, मध्ये न थांबता ओतत राहायचं. मानेतून पलीकडचा उजेड स्वच्छ दिसतोय तोवर ओता. धुरासारखी एक रेघ खांद्याकडून सरकताना दिसली की हात थांबवायचा. थांबून पुन्हा ओतलं की बाटलीत लाट मागे जाते आणि साका ढवळला जातो, म्हणून एकाच दमात. कोवळ्या वाईनला हवा मिळावी म्हणून तासभर आधी ओतून ठेवतात. पन्नाशीच्या वाईनशी असं वागू नये. अर्ध्या तासात ती विझू शकते. ओता आणि लगेच प्यायला बसा.

पेला वर निमुळता होत जाणारा हवा आणि एक तृतीयांशच भरायचा. लाल वाईन १६-१७ अंशांवर, म्हणजे हाताला किंचित गार लागेल इतपत. आधी न हलवता वास घ्या, मग पेला सावकाश फिरवून पुन्हा. पहिला वास वाईट आला तर तिथेच निकाल देऊ नका. इतकी वर्षं कोंडलेल्या वाईनला सुरुवातीला कुबट वास येतो, पाच-दहा मिनिटांत तो बहुधा उडतो. २०१० साली फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या शॅम्पेन सापडली, सुमारे १७० वर्षांपूर्वीची. चाखणाऱ्यांना आधी ओल्या केसांचा, जनावरांचा, चीजसारखा वास आला. पेला थोडा फिरवल्यावर त्याच वाईनमधून धूर, मसाले, चामडं आणि चक्क फळाफुलांचे वास वर आले. थंडगार अंधारात, तळाशी पडून राहिल्याने ती टिकली होती.

घोट लहान घ्या, सगळ्या जिभेवर फिरू द्या, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. तोंडातला वास घशामागून नाकात चढतो. जुन्या वाईनचं अर्धं बोलणं या उच्छ्वासात असतं. मग मोजायला लागा. चव किती सेकंद रेंगाळते? फ्रेंच लोकांनी त्यासाठी ‘कोदाली’ नावाचं एकक केलं आहे, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. शेपटीसाठीच्या लॅटिन शब्दावरून ते आलं आहे. साधी वाईन तीन-चार सेकंदांत विरते, चांगली मुरलेली वाईन शेपूट लांबवत नेते आणि जाता जाता रंग बदलते. कोवळ्या वाईनकडून जी ताकद आपण अपेक्षित धरतो ती इथे मागू नका. इथे लक्ष द्यायचं ते एका गोष्टीतून दुसरी कशी निघते याकडे. दर दहा मिनिटांनी त्याच पेल्याचा वास घ्या. तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी सापडल्या, तर ती वाईन जिवंत आहे.

आणि मेलेली असेल तर तसं म्हणायला लाजू नका. नासलेल्या सफरचंदासारखा, पेल्यात कितीही फिरवून न जाणारा वास म्हणजे हवेने घात केला. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा झणका म्हणजे जिवाणूंचं काम. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास असेल आणि तो वाढतच गेला, तर बूच दोषी. टीसीए नावाचं संयुग त्याला कारण, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे मोजके अब्जांश भाग पुरतात. याचा वयाशी संबंध नाही, दोन वर्षांच्या बाटलीलाही हे होतं. कुबटपणा दहा मिनिटांत गेला तर तो बाटलीचा, राहिला तर बुचाचा, एवढी खूणगाठ पुरे.

लाजू नका म्हटलं त्याला कारण आहे. बाटलीवरचं साल वाचलं की जीभ आपलं ऐकेनाशी होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमध्ये वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली. वास नसलेला रंग होता तो. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला आधीच सांगून टाकलं होतं. १९४५ हे आकडे तर रंगापेक्षाही जास्त बोलतात. रुडी कुर्नियावान या ठगाने यावरच धंदा उभारला. फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सॅं-दनी’ या मळ्याच्या १९४५ पासूनच्या बाटल्या त्याने २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आणल्या. त्या मळ्याची वाईन त्या घराण्याने बाटलीत भरायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात. लोरॉं पोन्सो स्वतः तिथे हजर झाले आणि त्या बाटल्या मागे घ्यायला लागल्या. कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या वाईन प्यायलेल्यांत नावाजलेले लोक होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना त्या फार आवडल्या होत्या. म्हणून जमेल तेव्हा बाटलीला फडकं गुंडाळून चाखावी, आणि मत सांगून झाल्यावरच लेबल बघावं.

शेवटचा, तळाशी उरलेला अर्धा पेला घाईने संपवू नका. आणि पेला लगेच विसळू नका. त्या पहिल्या वेळी मी त्या गृहस्थांकडेच मुक्कामाला होतो. झोपायला जाण्याआधी त्यांनी माझा रिकामा पेला बशीने झाकून टेबलावर ठेवून दिला, काही न बोलता. सकाळी चहाच्या आधी त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. तळाशी एक वाळलेलं तपकिरी वर्तुळ होतं. पालापाचोळा गेला होता, कपाटही गेलं होतं. अंजीर मात्र होतं, आणि रात्री मला मुळीच न आलेला गुलाबाचा वास.